आईच्या आवाजातली अठ्ठेचाळीस बटणं

आम्हा अ‍ॅप लिहिणाऱ्यांच्या पडद्यावर एखादी पद्धत जुनी झाली की तिच्या नावावर आडवी रेघ येते. नाव वाचता येतं, वापरताही येतं, फक्त त्याच्या पोटातून रेघ गेलेली असते. फोनची सिस्टिम बनवणारे दर वर्षी नवी आवृत्ती काढतात आणि काल त्यांनीच शिकवलेल्या चार गोष्टींवर आज काट मारतात. ती पद्धत लगेच बंद पडत नाही. एक वर्ष चालते, दोन वर्षं चालते, आणि मग एखाद्या आवृत्तीत ती नसतेच. तोवर आपण नव्या पद्धतीने लिहून ठेवायचं आणि जुने फोन वापरणाऱ्यांसाठी जुनी वाटही राखायची. फोन कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी विचारायचं. नवा असेल तर इकडून जा, जुना असेल तर तिकडून.

गुरगावच्या ऑफिसात हे काम माझ्याकडे होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. नवी मुलं नवं काही बनवायला येतात, जुन्याची डागडुजी करायला नाही. मी सात वर्षं ते केलं आणि चांगलं केलं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगायची, रेघ दिसली की आजच बदला, ‘बाद में देखेंगे’ हे वाक्य या टेबलावर चालणार नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तेव्हा मात्र मला मनापासून वाटायचं की मी फार शिस्तीची बाई आहे.

शिस्त खरी बाबांची होती. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात रेकॉर्ड विभागात होते. जुन्या फायली नष्ट करणं हा त्यांच्या कामाचा एक भाग. पण फाईल अशी उचलली आणि फाडली, असं नसायचं. ती आधी फिरायची. ज्या ज्या विभागाचा तिच्याशी संबंध होता, त्या प्रत्येकाला लेखी विचारायचं, तुम्हाला ही हवी आहे का? प्रत्येकाने ‘हरकत नाही’ असं लिहून सही करायची. एक जरी सही राहिली, तरी फाईल परत कपाटात. बाबांच्या नोकरीत न विचारता एक कागद फाटला नाही, असं ते सांगायचे, आणि मला ते खरं वाटतं.

ते दोन शब्द त्यांच्या जिभेला चिकटले होते. आईने विचारावं, आज दोडका करू? थोडं थांबून, हरकत नाही. मी विचारावं, कॉलेजच्या सहलीला जाऊ का? जरा जास्त थांबून, हरकत नाही. रद्दीवाला आला की वर्तमानपत्रांचा गठ्ठा दाराशी नेण्याआधी ते घराच्या मधोमध उभे राहायचे आणि मोठ्याने विचारायचे, “कुणाला काही हवंय का यातलं?” आणि खरंच उत्तराची वाट बघायचे. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. कुणाला काय हवं असणार? मी पहाडगंजच्या मराठी शाळेतून आलेली असायची, दप्तर काढता काढता ओरडायची, “नकोय हो बाबा, द्या ना!” पुढे नोकरदारांच्या सोसायट्या झाल्या, त्यांतला एक फ्लॅट दिल्लीच्या टोकाला, द्वारकेला मिळाला. तेव्हा तिथे धूळ आणि पाण्याचे टँकर याशिवाय काही नव्हतं. सामान हलवताना ट्रकवाला खाली हॉर्न वाजवत होता आणि बाबा प्रत्येक डबा हातात घेऊन विचारत होते, कुणाला हवंय का. आई म्हणाली, “अहो, मला तुम्ही हवे आहात, खाली चला.”

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाबांच्या मेंदूत गुठळी झाली. हातापायांतली शक्ती बरीचशी परत आली, बोलणं आलं नाही. सगळं समजायचं. पेपर वाचायचे, हिशोबातली चूक दाखवायचे, बातम्या बघून चिडायचे. पण तोंडातून शब्द निघायचा नाही, नुसता ‘ह... ह...’ असा आवाज यायचा, आणि मग ते मान फिरवून खिडकीकडे बघायचे. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांचा तक्ता दिला. पाण्याचा ग्लास, संडास, रडका चेहरा. आईने तो दुसऱ्याच दिवशी कपाटामागे सारला. म्हणाली, “बालवाडीत घातलंय का त्यांना? सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेत ते.”

मग मी दोन रविवारांत एक अ‍ॅप लिहिलं. पडद्यावर मोठी बटणं, प्रत्येकावर एक वाक्य, दाबलं की फोन ते बोलणार. आधी यंत्राचा आवाज लावला होता. ‘पाणी हवे आहे’ असं तो मेट्रोतल्या घोषणेसारखा म्हणाला. आईने नाक मुरडलं. “ही कोण बया? आपल्याकडे असं कोण बोलतं?” म्हणून आवाज आईचा घेतला. मे महिना होता, पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद करून तीन दुपारी आम्ही तिघं आतल्या खोलीत घामाघूम होऊन बसलो होतो. अठ्ठेचाळीस वाक्यं. पाणी दे. पंखा वाढव. मी दमलो. दाढी करायचीय. आज चालायला नको. मला जरा एकट्याला बसू दे. दूधवाल्यासाठी एक हिंदीतलं, ‘भैया, कल दो पैकेट देना.’ आणि शेवटचं, हरकत नाही. ते म्हणताना आईने बाबांची हुबेहूब नक्कल केली. आधी तो थांबा, मग जरा नाकातून, हरकत नाही. बाबांना इतकं हसू आलं की आवाज न करता त्यांचे खांदे गदगदत राहिले. माझ्या आठवणीत त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसू आहे.

ते अठ्ठेचाळीस आवाज मी फोनमधल्या एका साध्या, सगळ्यांना उघड्या फोल्डरमध्ये ठेवले. तसं ठेवायची जी पद्धत मी वापरली, तिच्या नावावर तेव्हाच रेघ होती. नव्या पद्धतीने लिहायला आणखी एक रविवार गेला असता. मी वर एक ओळ लिहिली. ती ओळ लिहिली की रेघेचा इशारा गप्प बसतो. घरचंच तर अ‍ॅप आहे, नंतर बघू, असं मी स्वतःला म्हटलं. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला चारचौघांत फैलावर घेतलं असतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात आई गेली. सकाळी पोळ्या लाटताना छातीत दुखतंय म्हणाली आणि दुपारी हॉस्पिटलात सगळं संपलं. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी होती, ती मी संध्याकाळी काढली. ती मी का फेकली, याचंही मला नंतर पुष्कळ दिवस वाईट वाटत होतं.

बाबा फोन आधी गरजेपुरता वापरायचे. आई गेल्यावर ते बटणं उगाच दाबायला लागले. हे मला हळूहळू कळलं. ‘पाणी दे’ ऐकू आलं म्हणून मी ग्लास घेऊन जायची, तर ते पाण्याकडे बघायचेही नाहीत. फोन डाव्या कानाशी धरलेला, डोळे मिटलेले. पुन्हा दाबायचे. पाणी दे. पुन्हा. दिवसा त्यांच्याजवळ थांबणारी बाई वैतागून मला म्हणाली, “दीदी, अंकलजी माँगते हैं और लेते नहीं।” मी तिला म्हटलं, लेने दो, उनको जो लेना है वही ले रहे हैं. तिला ते कळलं की नाही, माहीत नाही.

आईचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नव्हता. आवाजी निरोप पाठवणं तिला आवडायचं नाही. मावसबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती दिसते, काहीतरी बोलतेही, पण वर बँड वाजतोय. मूळ ध्वनिमुद्रण माझ्या जुन्या लॅपटॉपवर होतं. तो कंपनीचा होता; गुरगावातलीच दुसरी नोकरी घेताना मी परत केला आणि त्यांनी तो साफ केला. नकला काढून ठेवायच्या होत्या. तेही नंतर बघणार होते.

मग एका सकाळी बाबांच्या फोनने स्वतःहून नवी आवृत्ती घेतली. मी डबा भरत होते. आतून काहीच ऐकू येईना म्हणून डोकावले, तर बाबा बटण दाबत होते. एक, दुसरं, तिसरं. मग त्यांनी फोन हलवला, कानाशी नेला, पुन्हा दाबलं, आणि माझ्याकडे बघितलं. आयुष्यात कुणी माझ्याकडे तसं बघितलेलं नाही. मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही. उघड्या फोल्डरची ती जुनी वाट नव्या आवृत्तीत बंद झाली होती. मी इशाऱ्याला गप्प बसवलं होतं, म्हणून वाट बंद व्हायची थोडीच थांबणार होती?

तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते मी दिवसभर केलं. नव्या पद्धतीप्रमाणे अ‍ॅपचे आवाज अ‍ॅपच्या स्वतःच्या, आतल्या कप्प्यात ठेवायचे असतात. फाईल निवडायला फोन जी खिडकी उघडून देतो, तिच्यातून तो जुना फोल्डर मी हाताने दाखवला, आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आवाज आत आले. मी दाबलं. ‘मी दमलो,’ आई म्हणाली. मी जमिनीवर बसून ढसाढसा रडले. बाबांनी फोन माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

आणि मग मी जुना फोल्डर पुसून टाकला. एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवणं आमच्या धंद्यात गचाळपणा समजतात. काम झालं की मागचा पसारा आवरायचा. मी आवरला. मला त्याचं समाधानसुद्धा वाटलं.

पुढे जे झालं ते अ‍ॅप लिहिणाऱ्याच्याच हातून होऊ शकतं. दुसरा कुणी माणूस ही चूक करू शकत नाही, त्याला ती करता यायचीच नाही.

साधारण दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की बाबांना बटणांवरची अक्षरं नीट दिसत नाहीत. ती मोठी करायची होती. काम पाच मिनिटांचं. त्या दोन आठवड्यांतच ऑफिसने लॅपटॉप बदलून दिला होता. मी अक्षरं मोठी केली, फोन तारेने जोडला, नवं अ‍ॅप पाठवलं, तर फोनने ते घेतलं नाही. कारण मला पाठ होतं. प्रत्येक लॅपटॉपची अ‍ॅपवर स्वतःची सही असते. फोनवरच्या अ‍ॅपवर आधीच्या लॅपटॉपची सही होती आणि हा नवा होता. सही जुळली नाही की फोन नकार देतो. ऑफिसात हे दिवसातून दहा वेळा होतं, आणि त्यावर सगळे एकच करतात. आधीचं अ‍ॅप काढून टाकतात आणि नवं घालतात. एका ओळीची आज्ञा आहे, लॅपटॉपवरून द्यायची. हाताने फोनवरून काढलं तर फोन निदान विचारतो, खरंच काढू का? आमच्या आज्ञेत विचारायची रीत नाही. मी ती ओळ टाइप केली. डोक्यात काहीही नव्हतं, संध्याकाळी भाजी काय करायची एवढंच होतं. पडद्यावर उत्तर आलं, यशस्वी.

अ‍ॅप काढलं की त्याच्या आतल्या कप्प्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं. हे मी स्वतः लोकांना शिकवलेलं आहे. जाऊ नये म्हणून आधी एक ओळ लिहून ठेवता येते, तीही मला ठाऊक होती. यशस्वी हा शब्द वाचून झाल्यावर, माझ्या मते दुसऱ्या सेकंदाला, मला सगळं एकदम समजलं. मी तार उपटली. जसं काही तार उपटल्याने ते मध्येच थांबणार होतं! नवं अ‍ॅप घातलं, उघडलं. अठ्ठेचाळीस बटणं, सुंदर मोठी अक्षरं. एकातूनही आवाज नाही.

बाबा शेजारच्या खोलीत दुपारचे झोपले होते. मी फोन ओढणीत गुंडाळला, बाईला सांगितलं की दोन-तीन तासांत येते, आणि मेट्रोने करोल बागेत गेले. तिथल्या मोबाईल दुरुस्तीच्या गल्ल्यांत गेलेले फोटो परत काढून देणारे, मेलेले फोन जिवंत करणारे लोक बसतात. सहा दुकानं फिरले. सहाव्यात एक सरदारजी होते, वयाने बाबांएवढे. त्यांनी भिंग काढून ठेवलं आणि मला विचारलं, “अ‍ॅप के अंदर का था?”

“हाँ जी.”

“नए फोन में अंदर का गया तो गया, बेटा. ताला भी गया, चाबी भी गई. पुराना फोन होता तो मैं कुछ कोशिश करता.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “किसकी आवाज़ थी?”

मी फोन पुन्हा ओढणीत गुंडाळला आणि निघाले. मागून ते म्हणत होते, “पानी तो पी लो.” आयुष्यभर मी आवृत्त्या विचारून वाटा काढल्या होत्या, नवा असेल तर इकडून, जुना असेल तर तिकडून. मेट्रोच्या जिन्यावर मला दोन्हीकडून वाट दिसेना. लोक मला चुकवून वर जात होते आणि मी कठड्याला धरून उभी होते. मला मरावंसं वाटलं असं मी लिहिणार नाही, पण आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटलं.

घरी आले तेव्हा बाबा उठून बसले होते. हात पुढे केला, फोनसाठी. आणि मी म्हटलं, “बाबा, परत अपडेट आला फोनला. त्यात सगळं गेलं.”

खोटं किती सहज निघतं तोंडातून. सगळ्यांचा विश्वास बसला. आत्या फोनवर म्हणाली, “हे अपडेट मेले असेच असतात गं, माझे सगळे फोटो गेले मागे.” बाईने कंपनीला शिव्या दिल्या. ऑफिसात कुणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. बाबा काही म्हणूच शकत नव्हते. त्यांच्या तोंडून ‘ह... ह...’ एवढंच निघालं, आणि त्यांनी मान खिडकीकडे फिरवली.

त्या आठवड्यात थंडीमुळे पंखा बंदच होता; मी दार लावून आतल्या खोलीत बसले आणि अठ्ठेचाळीस वाक्यं माझ्या आवाजात भरली. पाणी दे. मी दमलो. शेवटी तो थांबा घेऊन, जरा नाकातून, हरकत नाही. आईने केलेली बाबांची नक्कल, तिची मी केलेली नक्कल. ऐकून मलाच शिसारी आली. या वेळी मात्र तीन ठिकाणी नकला ठेवल्या. आता ठेवून काय उपयोग होता, पण ठेवल्या.

बाबांनी एकदाच एक बटण दाबलं. ऐकलं, फोन बंद केला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला. तेव्हापासून बोटाने दाखवायचे. पाणी हवं तर ग्लासकडे बोट. आईने कपाटामागे सारलेला तो तक्ता बाईने शोधून काढला, तोही त्यांनी मुकाट्याने घेतला. रडक्या चेहऱ्यावर त्यांचं बोट कधी गेलं नाही. गेलं असतं तर मला सोपं झालं असतं. मी रोज गुरगावला जायची, दुसऱ्यांच्या रेघा बघायची, आजच्या आज बदला म्हणायची, आणि परत येताना फाटकातूनच मान वर करून बघायची, ते खिडकीशी बसलेत का. महिना असा गेला.

मग एका रविवारी खाली रद्दीवाल्याची हाक आली. मी वर्तमानपत्रं बांधली, गठ्ठा उचलला आणि दाराकडे निघाले. बाबा वॉकर टेकत बाहेर आले आणि घराच्या मधोमध उभे राहिले. नुसते उभे राहिले. गठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते कशासाठी थांबलेत हे मला कळलं, आणि त्यांना ते म्हणता येत नव्हतं, म्हणून ते मीच म्हटलं.

“कुणाला काही हवंय का यातलं?”

आणि त्या वाक्याने माझा बांध फुटला. मी गठ्ठा तिथेच टाकून खाली बसले. “बाबा, अपडेटमध्ये नाही गेलं ते. मी पुसलं. माझ्या हाताने. तुम्हाला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. आणि खोटं बोलले.” आणखीही पुष्कळ काही बोलले, ते आठवत नाही. खाली रद्दीवाला ओरडत होता.

बाबा हळूहळू खुर्चीत बसले. खिशातून त्यांनी फोन काढला. महिनाभरात पहिल्यांदा. चष्मा सारखा केला, मोठ्या अक्षरांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं, आणि दाबलं.

आधी तो थांबा, मग हरकत नाही.

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. बाबांनी ‘हरकत नाही’ म्हटलं होतं, आणि त्यांनी ते कधी उगाच म्हटलेलं नव्हतं. मी डोळे पुसून वर बघितलं.

त्यांनी फोन डाव्या कानाशी धरला होता आणि डोळे मिटले होते. त्यांनी पुन्हा दाबलं. हरकत नाही, माझा आवाज जरा नाकातून, आईने म्हटलं होतं तसं म्हणाला. त्यांनी फोन आणखी घट्ट धरला, मान जरा वाकडी केली आणि पुन्हा दाबलं. मग एकदा आणखी. बाबा मला काही सांगत नव्हते.